हक्काची जागा

"आडनाव लिहिलं नाहीत?"

ठाण्यात माजिवड्याच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर काचेची खोली. खाली हायवे दिसत होता, गाड्यांचा आवाज मात्र वर येत नव्हता. टेबलापलीकडे अकाउंट्सचे मोठे साहेब, शेजारी एचआरच्या मॅडम. साहेबांच्या हातात माझा रेझ्युमे. एकच पान. फोटो नाही. वर माझं नाव आणि बाबांचं नाव, एवढंच. इंटरव्ह्यूच्या क्लासमध्ये सांगितलेलं तसं.

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा. मूळ गाव कुठलं?"

तेही सांगितलं. मराठवाड्यातलं.

"वडील काय करतात?"

"वारले. पालिकेत होते."

"कोणत्या खात्यात?"

"आरोग्य खात्यात."

मॅडमनी मान वर केली. "डॉक्टर होते?"

"सफाई कामगार होते."

साहेबांनी माझं पान टेबलावर ठेवलं आणि एका बोटाने जरा लांब सरकवलं. मग हसले. रागाने नाही, कुत्सितपणेही नाही. लग्नघरी लांबची ओळख निघाली की माणूस हसतो, तसे मोकळे हसले. तोवर ते मला अहो-जाहो करत होते.

"अगं, मग तुला तर तिकडे हक्काची जागा आहे! वारसाने मिळते ना तुमच्यात? आयुष्यभराची सोय. मग इथे कशाला एखाद्या गरजूची जागा अडवतेस?"

मी म्हणाले, "थँक यू, सर."

क्लासमध्ये घोटून घेतलेलं. शेवट कसाही होवो, हसून थँक यू म्हणायचं. खुर्ची आवाज न करता मागे घ्यायची. दार हळू लावायचं. मी सगळं बरोबर केलं. साहेबांच्या वाक्यापेक्षा माझ्या त्या थँक यूनेच पुढे माझी झोप उडवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सफाई कामगार मेला किंवा थकला की त्याची जागा त्याच्या घरातल्या एकाला मिळते. जागा म्हणजे तीच. झाडूची, गटाराची. इतरांची पोरं बापाचं दुकान चालवतात, आम्ही बापाचा झाडू चालवतो. आजोबांच्या जागी बाबा लागले. बाबांना दहावीला चांगले मार्क होते, असं आई सांगते. आता बाबांच्या जागी मी. बी.कॉम. झालेली, टॅली येणारी, कल्याणात एका सीएंकडे अर्धवेळ बसून जीएसटीची रिटर्न्स भरणारी मी. घरात मी आणि आई, तिसरं कोणी नाही. आईचे गुडघे गेलेले. मुकादम दोनदा येऊन सांगून गेलेले, शुक्रवारपर्यंत कागदावर सही पाहिजे, नाहीतर जागा गेली. म्हणजे माजिवड्याची नोकरी लागली तर सुटले. नाही लागली तर झाडू. इतकं सरळ होतं ते.

क्लास डोंबिवलीत होता. रेझ्युमे कसा लिहायचा, इंटरव्ह्यूची तयारी कशी करायची. शिकवणाऱ्या ताई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. पान एकच ठेवा. काय शिकलात त्याच्या आधी काय केलंत ते लिहा. कंपनीची माहिती काढून जा. प्रश्न पुरता ऐका, मग बोला. सगळं उपयोगाचंच होतं. त्या शिकवणीवरच मी लेखी टेस्ट पार केली, आणि एचआरच्या मॅडम स्वतः फोनवर "व्हेरी गुड" म्हणाल्या. पण एक दिवस ताईंनी मला एकटीला थांबवून घेतलं.

"राग मानू नकोस हं. आडनाव गाळ. वडिलांचं नाव लाव, हल्ली बरेच जण लावतात. आणि हा पत्ता बघ, सफाई कामगार वसाहत. डोंबिवलीत कोणी मैत्रीण असेल तर तिचा टाक. आधी आत तर शीर, मग काय ते."

मी टाकला. मैत्रिणीचा पत्ता, डोंबिवली पूर्व. पान छान दिसत होतं. त्यावर बाबांचं नाव होतं, पण बाबा कुठेच नव्हते.

बाबा गटाराच्या चेंबरवर असायचे. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायच्या आधी त्यावर पहारीने दोनदा ठोकायचे. टण. टण. मग थांबायचे. लहानपणी मी डबा घेऊन गेलेले, तेव्हा विचारलेलं.

"बाबा, का वाजवताय?"

"आत काय हाय ते कळाया नगं? आदी ठोकायचं, आयकायचं, मग उचलायचं. न इचारता उघडलं की समदं तोंडावर येतं."

ते गटारात नाही मेले. घरी मेले, खाटेवर, खोकून खोकून. शेवटी शेवटी बोलता यायचं नाही तेव्हा खाटेच्या लोखंडी नळीवर चमच्याने वाजवायचे. दोनदा. थांबायचे. पुन्हा दोनदा. आम्हाला वाटायचं पाणी हवंय. पाणी नको असायचं.

माजिवड्याहून आले त्या संध्याकाळी तो आवाज सुरू झाला. सवयीने आरशासमोर उभी राहिलेले, स्वतःबद्दल सांगा याची तयारी करायला. माय नेम इज. टण. टण. मागे बघितलं. आई भाकरी थापत होती. परत सुरुवात केली. नाव, बाबांचं नाव, राहणार डोंबिवली. टण. टण. आमच्या पत्र्याच्या कपाटाच्या आतून आल्यासारखा. खोटं कशाला बोलू, माझ्याच बापाची मला भीती वाटली.

मग आरशाकडे जाणंच बंद केलं. तरी आवाज बंद होईना. रिक्षात बसले की यायचा. सीएंच्या ऑफिसात बिलं लावताना यायचा. मी गप्प बसले की यायचा. वेड लागतंय का मला, असंही वाटून गेलं. मग हळूहळू कळलं, तो मला घाबरवत नव्हता. तो विचारत होता, आत कोण आहे. आणि आत मीच होते, श्वास रोखून, उत्तर न देता.

गुरुवारी सकाळी एचआरच्या मॅडमचा फोन आला.

"सर तुमच्याबद्दल खूप पॉझिटिव्ह आहेत. अकाउंट्समध्ये नाही होणार, पण हाउसकीपिंग सुपरवायझरची जागा आहे. त्या बायकांवर तुमच्यातलंच कोणी असलं की बरं पडतं, असं सर म्हणाले. पगारात फार फरक नाही."

आईला सांगितलं तर तिने हात जोडले. "हापिसच हाय की गं. सावलीत हाय." आयुष्यभर कल्याणच्या रस्त्याकडेला उन्हात भाजी विकलेली बाई ती. सावलीची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. मी तिच्याशी भांडले नाही.

झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर बसून मी रेझ्युमे पुन्हा केला. आडनाव मोठ्या अक्षरात. पत्ता, सफाई कामगार वसाहत, कल्याण. वडिलांचं काम रेझ्युमेत लिहायची पद्धत जुनी झाली, असं ताई म्हणायच्या. मी लिहिलं. मग सरळ माजिवडा गाठला. कोणी बोलावलं नव्हतं. काचेच्या दारावर बोटांनी दोनदा ठोकलं आणि थांबले.

"अगं, ये ये," साहेब म्हणाले. "जॉइनिंगचं बोलायला आलीस का?"

"सर, टेस्टमध्ये माझं काय चुकलं?"

"टेस्टचा प्रश्नच नाहीये."

"मग कशाचा आहे?"

मॅडम लॅपटॉपमध्ये बघायला लागल्या. साहेबांचं हसू ओसरलं.

"हे बघ, मी तुझ्या भल्याचंच..."

"अहो म्हणा, सर. त्या दिवशी वडिलांचं काम कळेपर्यंत म्हणत होतात."

माझा आवाज रडल्यासारखा येत होता आणि त्याची मला लाज वाटत होती. तरी बोलले. "मी अकाउंट्ससाठी आलेले. हा अर्जही अकाउंट्ससाठीच आहे. हाउसकीपिंगची जागा मला नको. आणि त्या दिवशीचं थँक यू मी परत घेते."

पान टेबलावर ठेवलं आणि निघाले. दार हळू लावायचं राहून गेलं. नोकरी मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मुकादम आले. बाबांच्या बरोबरीचे, चांगले गृहस्थ. त्यांनी कागद पसरला. पेन आईनेच आणून माझ्या हातात दिलं.

"कर सही, पोरी. हक्काची हाय."

साहेबांचाच शब्द. आईच्या तोंडून आला तेव्हा त्यात माया होती, म्हणून जास्त लागला.

"नाही करत."

"येडी का काय?" मुकादम म्हणाले. "मागं लाइन लागलीय. उद्या रडत आलीस तर माझ्या हातात काय न्हाय."

"नाही येणार, काका."

आई माझ्याकडे वळली. "मग खायाचं काय?"

मी पेन तिच्या हातात परत दिलं. आता सीएंकडचे पैसे आणि शेजारच्या पोरांच्या शिकवण्या यांवर कसंबसं भागतं. आईचा राग बरेच दिवस गेला नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही, पण माझंही चुकलं नाही.

मी इंटरव्ह्यूला जातेच आहे. ठाण्यात, डोंबिवलीत, जिथे बोलावतील तिथे, तेच पान घेऊन. काहींचं बोट अजून त्या पत्त्यावर थांबतं. मी खाली बघत नाही. घरी आले की आरशासमोर उभी राहते आणि तयारी करते. टण. टण. अजून येतो. येऊ दे. मी पूर्ण नाव सांगते, आडनावासकट, आणि मगच पुढचं बोलते.

आजोबांच्या जागी बाबा गेले. बाबांच्या जागी आमच्या घरातून आता कोणी जाणार नाही. उपाशी राहिलो तरी नाही. साहेब म्हणाले होते, जागा अडवतेस. अडवणार. आडनाव लावून अडवणार.