बदलीचं रक्त

मला ते काम मिळालं ते माझ्या जिभेमुळे. घरात अहिराणी, भाजीवाल्याशी गुजराती, लूमच्या कारखान्यात हिंदी, आणि भांडायला तिन्ही. हत्तीपायाच्या औषधाची चाचणी घ्यायला एक डॉक्टर मॅडम पथक घेऊन भेस्तानला आमच्या वस्तीत आल्या, तेव्हा त्यांना दारोदार समजावणारी बाई हवी होती. नेहमीच्या दोन औषधांत तिसरं मिसळलं तर रक्तातले बारीक किडे लवकर मरतात का, एवढंच बघायचं होतं. ज्याच्या रक्तात किडे सापडतील त्यालाच चाचणीत घ्यायचं, काहींना दोन औषधं, काहींना तीन, आणि वर्षाने पुन्हा रक्त. गळ्यात ओळखपत्र आलं आणि माझा रुबाब काय विचारता! शेजारणींशी मी सरळ बोलेनाशी झाले.

हे किडे दिवसा रक्तात सापडत नाहीत, म्हणून रक्त रात्रीच घ्यायचं. माझा थोरला भाऊ लूमवर रात्रपाळीला. त्याला मी चार दिवस आधीपासून बजावत होते, "दादा, थोडा वेळ ये, बोटाला सुई टोचली की जा परत." तर हा म्हणतो, "तुनी मॅडम मना लूम चालाडी का?" बहाणा सगळा. सुई बघितली की त्याला घेरी येते, हे घरात पोराटोरांनाही माहीत. एवढा मिशीवाला बाप्या!

त्या रात्री टेबलापुढे दादाचं कार्ड घेऊन त्याचा बदली उभा राहिला. परभणीकडचा, लुकडासा, हसरा माणूस. लूमवाला आजारी पडला किंवा गावी गेला की आपल्या जागी असा बदली उभा करतो. हजेरीत नाव मूळ माणसाचंच लागतं, शेठला सगळं ठाऊक असतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. माझ्या गल्लीतली सगळी कार्डं भरायला हवी होती. मी दादाचं नाव पुकारलं, त्याने बोट पुढे केलं आणि हजेरीवर ठोकतो तशी दादाची सही ठोकली. मॅडम शेजारीच होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा.

आठवड्याने यादी आली. दादाच्या नावापुढे लिहिलं होतं, किडे आहेत.

त्याच दुपारी मॅडमना सांगायला हवं होतं, की हे रक्त दुसऱ्याचं आहे. पण सांगितलं असतं तर ओळखपत्र काढून घेतलं असतं, आणि वस्तीने तोंडात शेण घातलं असतं ते वेगळं. मी दादाला गाठलं. तो म्हणाला, "गोळ्याच ना? आण, खातो." त्या रात्री शेकडो चेहरे बघितलेल्या मॅडमना हा माणूस वेगळा आहे हे कळलं नाही, त्यांच्यासमोर त्याने तिन्ही औषधं गिळली. बाकीच्यांना किडे मरताना ताप आला, अंग दुखलं. दादा ढेकर देऊन कामावर गेला. मॅडम म्हणाल्या, "याला काहीच त्रास नाही, नशीबवान आहे." मी मान हलवली.

बदलीला सांगायचं मी रोज ठरवत होते. आज सांगते, उद्या सांगते. एकदा चहाच्या टपरीवर भेटलाही. "काय ताई, बरं ना?" म्हणाला. मी बरं म्हटलं आणि पाय उचलला. त्याला सांगितलं तर तो सरळ मॅडमकडे जाणार, हेच माझ्या डोक्यात. सरकारी माणसं दरवर्षी हत्तीपायाच्या गोळ्या घरोघर वाटतात, त्यातही तो कधी सापडायचा नाही, कारण ज्याची खाट रिकामी असेल त्याच्या खोलीत तो झोपायचा.

वर्षाने पुन्हा रक्त घ्यायची वेळ आली, तेव्हा दादाला मी अक्षरशः ओढत नेलं. बदली बसला असता तर किडे पुन्हा निघाले असते. दादा डोळे घट्ट मिटून बसला. रक्त स्वच्छ निघालं. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. औषध लागू पडलं म्हणे! चाचणीच्या कागदात माझा भाऊ बरा झालेला रोगी आहे, ज्याला रोग कधी नव्हताच. मला त्यांनी छापील प्रशस्तिपत्र दिलं. ते भिंतीवर लावायची लाज वाटली, फाडायची हिंमत झाली नाही. ट्रंकेत आहे.

मॅडम कधीच निघून गेल्या. परवा बदली माझ्या दारात आला, डाव्या पायात चप्पल न घालता. मावतच नव्हती. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय सुजून गच्च झालेला. लूमवर बारा तास उभं राहवत नाही, आता कुणी बदली म्हणूनही घेत नाही, म्हणाला. मला माहीत होतं, आता औषधाने किडे मरतील, पण हा पाय पहिल्यासारखा व्हायचा नाही. दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली आणि त्याला त्याचं नाव विचारावं लागलं.

त्याने ते सावकाश सांगितलं. मग म्हणाला, "ताई, दुखायला लागलं तवा मनात आलं होतं की हेच असंल. पण माझं रक्त तुम्हीच तपासलं होतं ना? काही निघालं असतं तर तुम्ही बोलला असता. म्हणून मी बिनघोर राहिलो."

मी मान वर न करता चिठ्ठी पुरी केली.