कार्डात आहेत, पण दिसत नाहीत

बारा वर्षं एकाच खुर्चीत बसून एकच वाक्य ऐकलं की त्या वाक्याभोवती आपोआप किस्से जमत जातात. कोणी मुद्दाम जमवत नाही. माझं वाक्य आहे, "ताई, फोटो कार्डात आहेत, पण दिसत नाहीत!" गोंदियाला लागूनच फुलचूरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. मालक हेमराजभाऊ. कॅमेरा त्यांचा, कम्प्युटर माझा. लोकांची मेमरी कार्डं कम्प्युटरला लावायची आणि त्यातले फोटो उतरवून द्यायचे, हे माझं काम.

मैत्रिणी जमल्या की मी हे किस्से सांगते आणि त्या हसतात. मीही हसते. पण खरं सांगू का? नखाएवढं कार्ड काउंटरवर ठेवताना माणसाचा चेहरा बघितला, तर हसू येत नाही. बहुतेकांकडे दुसरी प्रत नसते. माझ्या हातून त्यातलं काही गेलं तर ते कायमचं गेलं. या नोकरीत मला एवढी एकच भीती आहे, आणि बारा वर्षांत ती जराही कमी झालेली नाही.

*

सालेकशाकडचे एक आजोबा आले होते. नातीच्या बारशाचे फोटो हवे होते. धोतराच्या सोग्यातून रुमाल काढला, रुमालातून कागद, कागदातून कार्ड. मी ते कार्ड-रीडरमध्ये लावलं. काही नाही. दुसऱ्या रीडरला लावलं. तरी काही नाही. केबल बदलली, कम्प्युटर बंद करून चालू केला, आजोबा शांतपणे बघत बसले होते.

शेवटी मी ते हातात घेऊन उजेडात धरलं, तर ते कार्ड नव्हतंच. मोबाइलचं बारकं कार्ड ज्यात बसवून कम्प्युटरला लावतात, तो रिकामा अडॅप्टर होता. कार्ड घरी, मोबाइलमध्येच!

"मंग हे काय आनलं मी?" आजोबांनी विचारलं.

हेमराजभाऊ म्हणाले, "पेटी आनली जी. डागिना घरीच राह्यला."

आजोबा हसले नाहीत. रुमाल पुन्हा तसाच नीट बांधला आणि बस पकडायला निघाले. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले होते. या वेळी आख्खा मोबाइलच आणला होता, चार्जरसकट. "आता काई घरी नाई ठेवलो," म्हणाले.

*

दोष नेहमी गिऱ्हाइकाचाच असतो असं समजू नका. एका दसऱ्यानंतर आमच्या दुकानात कुठलंच कार्ड चालेना. ज्याचं लावावं त्याचं हेच. मी दोन दिवस लोकांना सांगत होते, तुमचं कार्ड खराब आहे, तुमचं कार्ड खराब आहे. एका बाईंचा तर चेहराच उतरला, कारण त्यात मुलाच्या शाळेचे सगळे फोटो होते.

तिसऱ्या दिवशी मला संशय आला. सात जणांची कार्डं एकदम कशी खराब होतील? टॉर्च घेऊन रीडरच्या फटीत बघितलं. आत लालभडक! दसऱ्याला हेमराजभाऊंनी शस्त्रपूजा केली होती. आमची शस्त्रं म्हणजे कॅमेरा, ट्रायपॉड, कम्प्युटर आणि रीडर. सगळ्यांना हळदकुंकू आणि अक्षता. रीडरला कपाळ कुठलं? भाऊंनी सरळ फटीतच कुंकू भरलं होतं. सुईनं उकरलं तर तांदळाचा एक दाणासुद्धा निघाला.

"पूजा करून राहिलो होतो, चूक काय केली मी?" भाऊ म्हणाले.

मग कार्डांच्या पितळी पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं घासल्या, नवा रीडर आणला, आणि सातही जणांना मी स्वतः फोन करून सांगितलं की तुमचं कार्ड चांगलं आहे, चूक आमची होती. त्या बाई फोनवर रडल्या. मला फार लाज वाटली.

*

गोंदियाच्या बाजारातले एक कापडवाले शेठ. मुलीच्या लग्नाच्या फोटोंचं कार्ड घेऊन आले, पूर्ण रिकामं. घरच्या कम्प्युटरला लावलं तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, कार्ड फॉर्मॅट करायचं का? फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसून कोरं करणं.

"उसने पूछा, तो मैंने हाँ बोल दिया," शेठ म्हणाले. "मशीन है ताई, कुछ सोच के ही पूछा होगा!"

असं पुसलेलं बरंचसं परत येतं, त्यावर नवीन काही काढलं नसेल तर. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून दिवसभर बसले. हळद आली, वरात आली, जेवणाच्या पंगती आल्या. फेऱ्यांचे फोटो मात्र अर्धे करडे. वर नवरा-नवरीचे चेहरे आणि खाली राखेसारखा पट्टा. शेठ डोकं धरून बसले. तेवढ्यात मुलगी सासरहून आली, तिनं एकेक फोटो बघितला.

"पापा, फेरे तो पूरे सात हुए थे ना?" ती म्हणाली. "फिर?"

शेठनी डोक्यावरचे हात काढले. मी ते अर्धे फोटोही छापायला लावले.

*

नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाइडचं काम करणारी माझ्याच वयाची एक बाई आहे, शकुन. तिनं जुना छोटा कॅमेरा विकत घेतला होता. एक दिवस धावतच आली. सकाळी तिला पिल्लांसकट वाघीण दिसली होती, फोटो काढले होते, आणि कार्डात एकही नव्हता.

"गेटवरचे समदे गाइड हासून राहिले ताई मायावर. म्हनतात, शकुनले सपन पडलं!"

दोन बाप्ये गाइड ती खोटं बोलते म्हणून सफारीच्या जिप्सीवाल्यांना सांगत फिरत होते. गाइडचं बोलणं खोटं ठरलं की पर्यटक त्याच्याबरोबर जात नाही. तिची पोटापाण्याची गोष्ट होती.

मी विचारलं, फोटो काढताना कार्ड कॅमेऱ्यातच होतं ना? तिला आठवेना. मग आठवलं. आदल्या दिवशी पोरीनं कार्ड काढून मोबाइलला लावलं होतं. वाघीण दिसली तेव्हा कॅमेरा रिकामा होता, आणि कार्ड शकुननं घरी आल्यावर परत बसवलं. अशा वेळी काही कॅमेऱ्यांच्या स्वतःच्या पोटात चार-सहा फोटो मावतात. पण कार्ड बसवलं की कॅमेरा फक्त कार्डातलंच दाखवतो. मी कार्ड बाहेर काढलं, कॅमेरा केबलनं जोडला, आणि पडद्यावर वाघीण! तीन फोटोंत नुसतं गवत, चौथ्यात तिची पाठ आणि शेपूट, आणि शेपटीशी एका पिल्लाचा कान.

फोटो घेऊन ती गेटवर गेली. तिथले म्हणाले, शेपटीवरून काय कळते, कोणाचीही असेल!

शकुन म्हणाली, "मंग तुमी जा न, तोंड पाहून या!"



*

आता हेमराजभाऊंचाच एक. त्यांना हा सांगितलेला आवडत नाही, पण ते आता चहाला गेलेत.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते, म्हणजे नाचगाण्याचा खेळ. पुरुषच लुगडं नेसून बाईचं सोंग घेतात. एका गावात हे सोंग चाळीस वर्षं एकच माणूस करत होता, सगळे त्यांना डोमाबुवा म्हणायचे. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, गुडघे गेले, ही शेवटची मंडई. भाऊंनी सगळा खेळ टिपला.

दुकानात आल्यावर भाऊंनी घाईत फोटो कॉपी करायच्या ऐवजी कट करून कम्प्युटरवर टाकायला घेतले आणि मध्येच लाइट गेली. कट केलेला फोटो इकडून निघतो आणि तिकडे पोचतो. न निघालेले आणि पोचलेले फोटो सुखरूप होते. एक तेवढा वाटेत होता. तो नेमका डोमाबुवांचा, एकट्याचा, गिरकी घेतानाचा! मी सगळं करून बघितलं. नाही आला.

भाऊ गाडी काढून माफी मागायला गेले, मीही गेले. डोमाबुवा अंगणात बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

"येवढ्यासाठी आलास का गा?" म्हणाले. "थांब, लुगडं नेसतो. काढ फोटो."

आणि खरंच नेसले. भर दुपारी, आरशाचा तुकडा भिंतीला टेकवून गालाला रंगही लावला. भाऊंनी कॅमेरा उचलला आणि म्हणाले, बुवा, एक गिरकी घ्या.

"ते नाई," डोमाबुवा म्हणाले. "नाच मंडईतच होते."

ते उभे राहिले, भाऊंनी उभ्याचा फोटो काढला.  तेव्हापासून आमच्याकडे कट हा शब्दच बंद आहे. कॉपी करायची, दोन ठिकाणी ठेवायची, मग बाकीचं.

*

शेवटचा किस्सा ललिताच्या आईचा. ललिता दुकानाच्या मागच्या गल्लीत राहते. तिचं माहेर आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याकडे, धानाची शेती. वडील वारले त्याला आठ दिवस झाले होते. ती आईला घेऊन आली आणि एक कार्ड ठेवलं. पाच दिवसांनी तेरवी होती. तेरवीला हार घालायला वडिलांचा फोटो हवा होता, आणि घरात फोटो नव्हता. लग्नात काढलेला एक होता, तो भिंतीच्या ओलीनं गेला.

"आधार कार्डावरचा मोठा करून देऊ का?" मी विचारलं.

आई म्हणाली, "नोको. त्या फोटोत ते मले वरखत नाईत." वरखत नाईत म्हणजे ओळखत नाहीत.

राहता राहिलं हे कार्ड. वडिलांना मोबाइलवर फोटो काढायचा फार नाद होता. रोवणीच्या वेळी, धानाची रोपं लावताना, मोबाइल शेतातल्या बांधीच्या चिखलात पडला आणि बंद झाला, कार्ड तेवढं धुऊन पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवलेलं. मी लावलं, कम्प्युटर ओळखेना. पट्ट्या घासल्या, रीडर बदलला, दोन दिवस झगडले. तिसऱ्या दिवशी उघडलं. दोनशेच्या वर फोटो!

एकेक बघत गेले. धान, म्हैस, नातवंडं, गाय, खळं, पुन्हा धान. कितीतरी फोटोंत आई. शिदोरी घेऊन येताना, पेंढ्या बांधताना, चुलीपाशी. वडील कुठंच नाहीत. सगळे फोटो काढणारे तेच होते.

मला वाईट वाटलं. निदान त्यांनी काढलेले चांगले फोटो तरी द्यावेत म्हणून तीस-चाळीस निवडले. त्यांना मोबाइल नीट धरता येत नसे, प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात अंगठा आलेला होता. मी तो सगळीकडून कापून काढला, रंग सुधारले, प्रिंट काढल्या आणि दोघींना बोलावलं. वडिलांचा फोटो नाही हे मीच सांगितलं. ललिता रडायला लागली. आई प्रिंट बघत होती. सगळ्या बघून झाल्यावर तिनं गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"हे त्यायनं काढले नाईत."

"त्यांनीच काढलेत, आई. त्यांच्याच कार्डातले आहेत."

"मंग त्यायचा आंगठा कुठी आहे?"

 बारा वर्षांत कोणाचं काही घालवलं नाही, आणि हे मी स्वतः कापलं होतं, ते चांगलं दिसावं म्हणून! मूळ फोटो अर्थात होते. मी ते उघडले. आई खुर्ची ओढून पडद्याजवळ बसली. काळपट, भेगा पडलेला अंगठा, नख मधोमध चिरलेलं.

"धान कापताना विरा लागला होता," ती म्हणाली. "रोज सांगत होती मी, आंगठा बाजूले करा, आंगठा बाजूले करा. आयकतच नोहते."

एका फोटोशी तिनं मला थांबवलं. त्यात ती स्वतः धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होती, हात वर करून, तोंड उघडं. तेच सांगत असणार. आणि खालचा कोपरा पूर्ण अंगठ्यानं भरलेला.

"हाच मोठा करून द्या. तेरवीले हाच ठेवीन."

हेमराजभाऊ इतका वेळ मागे उभे होते. ते हळूच पुढे आले. "माय, याच्यात तुमी आहा जी. जित्या मानसाच्या फोटोले हार घालत नाईत."

आईनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग मले कापा न, ताई," ती म्हणाली. "आंगठा राहू द्या."