अण्णांचा पहिला वाचक

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णा गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि पुन्हा स्क्रीनकडे वळलो. महिना होऊन गेला, ते अजून डाचतं.

अण्णा निपाणीकडचे; इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमातली एकांकिका मात्र दरवर्षी त्यांचीच. पहिला वाचक मी, बसवायचोही मीच. प्रयोगाच्या वेळी सगळे रंगमंचाकडे बघत, अण्णा विंगेतून प्रेक्षकांकडे. कोण कुठे खोकलं, कुणी कधी मोबाइल काढला, कुठल्या वाक्याला एखाद्या बाईनं नवऱ्याकडे चोरून पाहिलं... सगळं टिपून ठेवायचे. मी चिडवायचो, "अण्णा, नाटक लिहिता की पंचनामा करता?"

"माणूस तोंडानं छान म्हणतोय रे. खरं काय ते त्याचं अंग सांगतंय. तिकडं बघून लिहायचं."

पुण्याहून आलेल्या माझ्यासारख्या शहाण्याला हे त्यांनी शिकवलं, आणि मी काय केलं? गेल्या वर्षी यशवंतपूरच्या घरी बोलावून त्यांनी नव्या नाटकाची वही हातात दिली. डोळे अधू झालेले, अक्षर डगमगलेलं. "हे एवढं बसव. पुढं माझ्यानं होत नाही." मी चार पानं वाचली. संथ वाटलं. लोकांना हसायचं असतं, असं परस्पर ठरवून एक तयार फार्स बसवायला घेतला. त्यांचा फोन आला तेव्हा तोंडाला आलं ते बोलून मोकळा झालो, "अण्णा, वाचलं सगळं. शेवट तर फारच सुंदर. पुढच्या वर्षी नक्की करू." पलीकडून कानडीत एवढंच आलं, "सरी." म्हणजे, बरं. पुन्हा त्यांनी नाटकाचा विषय काढला नाही. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

परवा शोकसभेत चार ओळी वाचाव्यात म्हणून ती वही काढली आणि पहिल्यांदाच पुरी वाचली. बापलेकाचं नाटक आहे. घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी दाराबाहेर येऊन उभा राहतो. बाप उठतो, कडीपर्यंत येतो... आणि पुढचं पान कोरं. तळाशी अण्णांनी लिहिलंय, "शेवट अजून लिहिला नाही. इथपर्यंत आलास की फोन कर. दोघं मिळून ठरवू."

शोकसभेत मी काहीच वाचलं नाही. तो बाप दार उघडतो की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही.