बिबवेवाडीची ब्रेकवाली

ब्रेकच्या गॅरेजमध्ये किस्से शोधत बसावं लागत नाही. ते आपापली गाडी घेऊन येतात, वर हॉर्नही वाजवतात! बिबवेवाडीत आमचं गॅरेज आहे, फक्त ब्रेकचं. मालक अण्णा, म्हणजे माझे वडील. सगळ्या भागात त्यांची एकच ख्याती : 'अण्णांच्या हाताखालून गेलेला ब्रेक पुन्हा ओरडत नाही.' हे मुळात कोण म्हणालं ते विचारू नका. अण्णाच म्हणाले असणार.

*

मी खराडीला आयटी कंपनीत होते. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं काम. म्हणजे धंदा घरचाच, फक्त एसीत बसून! एक दिवस ते सोडलं आणि गॅरेजमध्ये येऊन उभी राहिले. अण्णा मला काहीच बोलले नाहीत. बोलले ते गिऱ्हाइकांशी.

"मुलगी इथे कशी काय?"

"सुट्टीवर आहे."

दिवाळी गेली, बुद्धपौर्णिमा गेली, पुन्हा दिवाळी आली. मी ग्रीसने माखून गाडीखालून बाहेर येतेय आणि अण्णा सांगताहेत, "सुट्टीवर आहे!" पोरीने स्वच्छ कपड्यांत खुर्चीवर बसावं म्हणून या माणसाने जन्मभर हात काळे केले होते. ते मला कळत होतं. तरी 'ही आता इथलीच' असं त्यांनी एकदा म्हणावं, याची मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू?

*

आमच्याकडे आलेली पहिली हायब्रिड लिमयेबाईंची. बाई मला शाळेत गणिताला होत्या, आता रिटायर. तक्रार अशी की गाडी हळू झाली की चाकातून किंचाळल्यासारखा आवाज येतो.

मी तेव्हा पार्ट आणायला गेले होते. अण्णांनी गाडीचं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. "बॅटरी बसली," अण्णांनी निकाल दिला.

मी परत आले तर दोन मेकॅनिक घामाघूम होऊन गाडी आत ढकलताहेत आणि बाई पर्स सांभाळत शेजारून चालताहेत.

"बाई, अहो, ही आधी बॅटरीवर चालते, आवाज करत नाही. बटण दाबलं तेव्हाच चालू झाली असणार. तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

*

अण्णांनी पॅड काढले, पॉलिश पेपरने घासले, आवाज गायब. आठवड्याने बाई परत. अण्णांनी नवे पॅड टाकले. थोड्या दिवसांनी बाई पुन्हा हजर!

"अण्णा, तुमची ख्याती ऐकून आले होते. सध्या गाडीच जास्त ऐकू येते." मग चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "या वेळी नाही जमलं, तर मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाईन."

अण्णांचा डबा त्या दिवशी तसाच घरी गेला.

*

त्याच दिवशी मांजरी गावचे एक बागायतदार आले. त्यांचीही नवीकोरी हायब्रिड. गाडीपासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "ताई, हिच्यात कायतरी हाय. गाडी बंद, चावी खिशात, अन् दार उघडलं की आतनं गुरगुरतंय!"

बॉनेट उघडलं तर आत लिंबू-मिरची, काळी बाहुली आणि एक अख्खा नारळ!

"नारळ आधी काढा. गुरगुरतो तो ब्रेकचा पंप. तुम्ही दार उघडलं की तो जागा होतो आणि ब्रेक तयार ठेवतो."

ते एक पाऊल पुढे आले. "म्हंजी मालक आला की उठून हुबा ऱ्हातो?"

"अगदी."

"आमच्या घरात तर असं कुणीबी करत न्हाई!" म्हणाले, आणि नारळ आम्हालाच देऊन खुशीत गेले.

*

ते गेल्यावर मी बाकावर थांबलेल्या बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही ब्रेक मारता कसा?"

"मारत नाहीच. लांबूनच अलगद पाय ठेवते. गाडी स्क्रीनवर मार्क देते. माझे कधी कमी पडलेले नाहीत."

सापडला चोर! हायब्रिडला हळू ब्रेक लावला की वेग बहुतेक बॅटरीवरची मोटरच कमी करते. चाकाची डिस्क आणि पॅड बसून असतात. बसून बसून डिस्कवर गंज चढतो, त्यावर पॅड घासला की किंकाळी!

"बाई, तुम्ही फार चांगली गाडी चालवता, म्हणून ब्रेक ओरडतात."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. डिस्क मी स्वतः साफ केल्या आणि आम्ही तिघं मांजरीकडच्या मोकळ्या रस्त्याला गेलो. पुढचा उपाय साधा : मागेपुढे कोणी नाही बघून अधूनमधून करकचून ब्रेक मारायचा. पण बाईंचा पाय जड होईना.

"बाई, समोर बैलगाडी आली समजा," अण्णा म्हणाले.

"कुठे आहे?"

"समजा म्हटलं!"

"दिसत नाही ते मी समजत नसते."

शेवटी मी मागून म्हटलं, "बाई, समजा, ब ही एक बैलगाडी आहे."

बाईंनी असा ब्रेक मारला की अण्णांचा चष्मा डॅशबोर्डवर! स्क्रीनवरचे मार्क धडाधड उतरले, ते बघवेनात म्हणून बाईंनी वर रुमाल टाकला. आवाज मात्र गेला तो गेलाच. बाई अजून दर आठवड्याला नेमाने 'ब'चा जीव वाचवतात.

*

आता शनिवारी खराडीच्या हायब्रिड आमच्या दारात रांग लावतात. मला अभिमान वाटतो, आणि मी तो लपवत नाही.

परवा अण्णांचे एक जुने गिऱ्हाईक बऱ्याच काळाने आले. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते.

"अण्णा, जरा ब्रेक बघता का?"

"मॅडम आत आहेत. नंबर लावा."

काकांनी वाकून पाहिलं. गाडीखालून माझे नुसते पाय दिसत होते.

"मुलगी अजून सुट्टीवरच का हो?"

अण्णांनी पेपरचं पान उलटलं.

"ती नाही. सुट्टीवर मी आहे."