वहिनींना नाही म्हणता येत नसे

वहिनींना नाही म्हणता येत नसे. हा तसा दोषच, पण ज्यांना त्याचा फायदा होई ते सगळे त्याला गुण म्हणत. शेजारणीचं जुनं शिलाई मशीन वहिनींच्या पलंगाखाली होतं. वरच्या मजल्यावरच्या मुलाची सायकल 'दोन दिवसांसाठी' त्यांच्या व्हरांड्यात आली ती तिथेच गंजली. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या दाराआडच्या खिळ्यावर लटकत असत. कुणी काही मागितलं की आधी तोंडून 'हो' बाहेर पडे आणि मग आपण कशाला हो म्हणालो, याचा विचार सुरू होई. लग्नाच्या वेळी 'मुलगा पसंत आहे का' असं विचारलं, तेव्हा मुलाकडे नीट बघायच्या आधीच त्या हो म्हणाल्या होत्या. नशीब, माणूस भला निघाला. 'भीड भिकेची बहीण' असं तो त्यांना हसत हसत ऐकवायचा, आणि त्यालाही वहिनी हो म्हणायच्या.

तो गेल्यावर धाकट्या दिराने विचारलं, "वहिनी, माझ्या दवाखान्यात येशील का? पुढचं टेबल सांभाळायला घरचं माणूस हवंय." उत्तर काय आलं ते सांगायला नकोच. दीर बहिऱ्या माणसांना ऐकायची यंत्रं लावून देणारा डॉक्टर. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत होता आणि त्याच्या बुटांच्या नाड्या त्यांनीच बांधलेल्या. पेशंटसमोर त्या त्याला 'डॉक्टर, तुम्ही' म्हणत आणि दार लागलं की 'अरे'.

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सगळा दवाखाना चाले. कुठल्या पेशंटच्या कानात आवाज किती मोठा सोडायचा, याची मोजमापं त्यात साठवलेली होती. एके दिवशी त्याच्या पडद्यावर एक चौकोन उगवला. वर कानाचं चित्र आणि खाली प्रश्न: नवीन सुधारणा आली आहे, हिला आत येऊ द्यायचं का? विचारतंय बिचारं, दारातून परत कसं पाठवायचं, असं वहिनींना वाटलं आणि त्यांनी 'हो' दाबलं.

आत आला तो व्हायरस होता. त्याने आधी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या फायरवॉलचा गळा दाबला. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. बाहेरून येणाऱ्याला अडवून 'कोण तुम्ही, काय काम' विचारणं एवढंच त्याचं काम. पहारेकरी आडवा झाल्यावर चोराला घर मोकळंच. त्याने मोजमापांची पार खिचडी केली. ते कळलं तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांमुळे. त्यांनी यंत्र कानाला लावलं आणि ते खुर्चीतून उडालेच. आयुष्यभर तोफांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस, पण तो आवाज काही त्यांना सोसला नाही. आजोबा शिव्या देऊन मोकळे झाले. डॉक्टर मात्र त्या दिवशी फार बोलला नाही. फक्त एकदा म्हणाला, "वहिनी, तुला विचारलं, आणि तू हो म्हणालीस."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ते वाक्य वहिनींच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

दुरुस्तीवाल्या बाईंनी येऊन व्हायरस झाडून काढला आणि जुनी मोजमापं जपून ठेवलेल्या प्रतीवरून परत भरली. सगळं ठीक झालं असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यातली ढाल लाल. फायरवॉल बंद. चालू करायला जावं तर पडदा म्हणे, ही सेवा सापडत नाही. चोर गेला होता, पण जाताना पहारेकऱ्याला कुठे गाडलं ते त्याने सांगितलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच सकाळी ती मुलगी येऊन बसली.

चार वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी. ऑपरेशन करून तिच्या कानामागे, कातडीखाली यंत्र बसवलं होतं, आणि आज ते पहिल्यांदा चालू करायचं होतं. बरोबर आई होती आणि बाप होता. बाप मालवाहू बोटीवरचा खलाशी. बोट दुपारी सुटणार, आणि मग पुन्हा मुलीचं तोंड कधी दिसेल ते समुद्रालाच ठाऊक. निघण्याआधी आपला आवाज एकदा पोरीच्या कानावर पडावा, एवढ्यासाठी त्याने सुट्टीचा शेवटचा दिवस राखून ठेवला होता. तो खुर्चीच्या कडेला बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होता.

घोडं अडलं ते इथे. मुलीची मोजमापं ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलातून इंटरनेटवरून यायची होती. त्यासाठी काल काढून ठेवलेली केबल जोडायला हवी. आणि फायरवॉल नसताना केबल जोडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं. मोजमापं पुन्हा बिघडली आणि पहिलाच आवाज तोफेसारखा आला तर? डॉक्टरने वहिनींना आत बोलावून हळूच सांगितलं, "मूल एकदा भ्यायलं की यंत्र ओरबाडून फेकतं. मग वर्षभर डोक्याला हात लावू देत नाही. बोलायला शिकायचं वय निघून जातं, वहिनी. आज चुकायचं नाही."

"बाईंना फोन करते," वहिनी म्हणाल्या.

बाई त्या वेळी एका शीतगृहाच्या तळघरात, कुणाचं तरी बिघडलेलं यंत्र उघडून बसल्या होत्या. "मला दुपारपर्यंत हलता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या ड्रॉवरमध्ये मी पेन ड्राइव्ह ठेवलाय. मी सांगते तसं करायचं. केबलला मात्र हात लावायचा नाही."

"मी?"

"मग कोण? डॉक्टर?"

डॉक्टरला कॉम्प्युटरची इतकी भीती की तो माऊससुद्धा दोन बोटांनी धरायचा. तेव्हा वहिनीच बसल्या. फोन कानाशी, पेन ड्राइव्ह खोबणीत, आणि बाईंचं तळघरातून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं.

"पहिल्या फाइलवर दोनदा टिचकी मारा. काय म्हणतोय?"

"म्हणतोय, याने सिस्टिममध्ये बदल होतील, खरंच करायचं का?" वहिनींचं बोट बटणावर थांबलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. "बाई, हो म्हणू?"

"म्हणा. ही फाइल माझी आहे. व्हायरसने फायरवॉलची सेवा मुळापासून उपटलीय, ती आपण परत लावतोय. हो म्हणून मशीन बंद करून चालू करा."

मशीन बंद झालं आणि चालू व्हायला लागलं. पडद्यावर ठिपके गोल फिरत राहिले. मुलगी टेबलाला धरून उभी राहिली आणि वहिनींच्या बांगड्यांकडे बघू लागली. बांगड्या वाजतात हे तिला माहीतच नव्हतं. बापाने घड्याळ पाहिलं, मग बाही ओढून घड्याळ झाकलं.

ढाल अजून लालच होती. "आता म्हणतोय, परवानगी नाकारली," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे सेवा आली, पण तिच्या कुलपाच्या किल्ल्या व्हायरसने बदलल्यात. दुसरी फाइल घ्या. ती किल्ल्या मूळच्या—" आणि फोन तुटला.

वहिनींनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पेन ड्राइव्हमध्ये आणखी तीन फायली होत्या, आणि दुसरी म्हणजे वरून मोजून दुसरी की उरलेल्यांतली दुसरी, हे आता विचारायचं कुणाला? चुकीची दाबली तर होती ती सेवाही जायची. खलाशी उठून टेबलाजवळ आला. मोठा माणूस, पण आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ताई, होईल ना?"

एरवी वहिनी पटकन हो म्हणाल्या असत्या. हो म्हटलं की समोरचा माणूस तेवढ्यापुरता तरी खूश होतो, ही त्यांची जन्माची रीत. या वेळी मात्र त्या म्हणाल्या, "बघते." एवढं एक वाक्य बोलायला त्यांना केवढे कष्ट पडले!

तेवढ्यात बाईंचाच फोन आला. वरून दुसरी. फाइल चालली. मशीन पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा ते ठिपके. मग बाईंनी सगळे नियम मूळ पदावर आणायला सांगितले, म्हणजे चोराने आपल्या सोयीने ठेवलेल्या फटी बुजतील. वहिनींनी तेही केलं. कोपऱ्यातली ढाल एकदाची हिरवी झाली, तेव्हा त्यांनी नकळत पदराने पडदा पुसला.

"आता केबल जोडा," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या प्रोग्रामला आतून बाहेर जायला कुणाची परवानगी लागत नाही, तो मुकाट्याने चालेल. काही वेगळं दिसलं तर—" तळघराने पुन्हा घास घेतला.

केबल खोबणीत टक्कन बसली. डॉक्टर हात पुसत बाहेर आला. आई मुलीला उचलून उभी राहिली. सगळे पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यावर चौकोन उगवला.

वर कानाचं चित्र. खाली प्रश्न: या प्रोग्रामला परवानगी द्यायची का?

वहिनींनी माऊसवरचा हात उचलला.

"हा आपलाच आहे," डॉक्टर म्हणाला. "कान दिसतोय ना? वहिनी, हो म्हण. हॉस्पिटलवाले वाट बघतायत."

"बाई म्हणाल्या होत्या, तो काही विचारणार नाही."

"अगं, नवीन फायरवॉल आहे, एकदा विचारत असेल. वेळ कुठे आहे?"

खलाशाने बाही वर केली आणि या वेळी घड्याळ झाकलं नाही. "ताई," तो म्हणाला, "मला निघावं लागेल हो. दाबा ना. तुमच्या पाया पडतो."

रागावणाऱ्या माणसाला एक वेळ कुणीही नाही म्हणेल. पाया पडणाऱ्याला कसं म्हणायचं? वहिनींना वाटलं, आपल्याला तरी कुठे काय कळतंय? दोघंही सांगतायत, तर असेल खरं. बोट 'हो'वर गेलंसुद्धा. समोर आईच्या खांद्यावरून मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि वहिनींना खुर्चीतून उडालेले आजोबा आठवले. आजोबांना निदान शिव्या तरी देता आल्या होत्या.

"अरे, नाही," वहिनी म्हणाल्या. पेशंटसमोर त्यांनी डॉक्टरला पहिल्यांदाच 'अरे' म्हटलं होतं. "आधी बाईंना विचारीन. तोवर नाही."

त्यांनी दुसरं बटण दाबलं, चौकोन मिटला, आणि केबल उपसून त्यांनी हातात घट्ट धरून ठेवली.

खलाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या बायकोने वहिनींकडे जे पाहिलं ते त्यांनी निमूट सोसलं. आपण एका बापाला त्याच्या पोरीच्या कानापासून तोडलं, असंच त्यांना वाटत होतं. केबल मात्र त्यांनी सोडली नाही.

फोन लागायला जो वेळ गेला तो कुणी मोजला नाही, मोजवलाच नसता. लागल्यावर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांबा! तो तुमचा नाही. व्हायरसचं एक पिल्लू माझ्या नजरेतून सुटलं, तेच पुन्हा दार उघडायला आलं होतं. हो म्हणाला असतात तर पुन्हा पहिल्यापासून रामायण. चूक माझी आहे, वहिनी. आता ते कुठे बसलंय तेवढं बघू." मग वहिनींनी त्या सांगतील तसं ते पिल्लू शोधलं, काढलं, मशीन पुन्हा एकदा झोपवून उठवलं आणि केबल जोडली. कुणी काही विचारलं नाही. हॉस्पिटलची मोजमापं मुकाट्याने उतरली. डॉक्टरने ती हॉस्पिटलला फोन करून एकेक आकडा ताडून पाहिली, आणि वहिनींच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून तो आतल्या खोलीत गेला.

आतली खोली जाड दाराची, भिंतींना गालिचा लावलेली. मुलगी आईच्या मांडीवर होती. डॉक्टरने यंत्राचा बाहेरचा तुकडा तिच्या डोक्याला लावला, तो चुंबकाने चिकटला. मग डॉक्टर आवाज मुंगीच्या पावलाने वाढवत गेला. मुलीचा चेहरा कोराच. खलाशी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. इतके दिवस घोकलेलं त्याला काही आठवेना. त्याचे ओठ नुसते हलले.

एकाएकी मुलीची भिवई वर गेली. ओठ वाकडे झाले, डोळे भरले, आणि तिचा हात डोक्यावरच्या त्या तुकड्याकडे झेपावला. आता ओढून फेकणार.

"नाही!" दारात उभ्या असलेल्या वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

हात हवेत थांबला. मुलीने मान वळवून थेट वहिनींकडे पाहिलं. तिथे काहीतरी झालं होतं, आणि ते तिला पाठीमागून कळलं होतं.

आईने तोंडावर पदर दाबला. "ऐकलं," डॉक्टर पुटपुटला. "वहिनी, तिने तुला ऐकलं."

खलाशाने तो शब्द तेवढा उचलला. चालतो म्हणून सिद्ध झालेला तो एकच शब्द होता. "नाही," तो जाड्याभरड्या आवाजात म्हणाला. मुलगी त्याच्याकडे वळली. "नाही," तो पुन्हा म्हणाला, तशी तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. मग तो हसत होता, रडत होता आणि "नाही, नाही, नाही" एवढंच म्हणत होता, आणि दर वेळी तिचं बोट नव्याने चमकून उठत होतं.

त्याची निघायची वेळ झाली होती. हे त्याला सांगायचं कुणी, म्हणून डॉक्टरने वहिनींकडे पाहिलं.

वहिनींनी मान हलवली. नाही. आणि दार हळूच लोटून त्या बाहेर टेबलाशी जाऊन बसल्या.