बिनकिल्लीचं घड्याळ

बबनरावाला घड्याळ कशाला लागत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. शेतात गडी देवमन राबायचा, घरात बायको प्रयागबाई राबायची, आणि हा गृहस्थ ओसरीवर लोडाला टेकून सुपारी कातरायचा. चुकलो, कातरायचीही प्रयागबाईच. हा नुसता चघळायचा. अशा माणसाला किती वाजले याच्याशी काय करायचं आहे? पण पंच्याहत्तर साली कापूस विकून स्वारी मुंबईला गेली आणि मनगटावर परदेशी घड्याळ बांधून रिसोडच्या एस.टी.तून गावात उतरली.

आमची आणि त्याची भिंत एक, म्हणून ते बघायचा पहिला मान माझा.

"किल्ली नाही याले," बबनराव म्हणाला. "हातात बांधलं का आपोआप चालते. घरंदाज मानसाचं काम आहे भाऊ हे, येऱ्यागबाळ्याचं नाही."

तिसऱ्या दिवशी घड्याळ बंद पडलं.

हातातलं पोर आजारी पडावं तसा तो ते रुमालात गुंडाळून वाशीमला घेऊन गेला. तिथल्या घड्याळवाल्यानं कानाला लावलं, दोनदा हलवलं, आणि चालू घड्याळ परत दिलं. "बिघाड काही नाही पाटील. हात हलला का आतलं वजन फिरते, अन् त्याच्यावर ते चालते. हात हलवत जा."

घ्या! आता बबनरावाचा हात हलणार कधी? जेवताना. तोही उजवा, आणि घड्याळ डाव्यात. शिवाय काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून डावा हात तो उशीवर ठेवायचा. दोन दिवस त्यानं ओसरीत बसून हात झटकून पाहिला. येणारा-जाणारा विचारी, "काय पाटील, मुंग्या आल्या काय?" मग हातात पंखा घेऊन वारा घालून पाहिला. थोड्या वेळात दमला आणि वारा घालायला प्रयागबाईला हाक मारली.

प्रयागबाईचं तसं नव्हतं. घरी दोन म्हशी. सकाळी उठून ती दोरीच्या रवीनं ताक घुसळायची आणि सारी गल्ली तांबे घेऊन दारात उभी राहायची. त्या बाईनं कधी कुणाला रिकामं पाठवलं नाही. एकदा बबनराव आंघोळीला निघाला आणि घड्याळ तिच्याकडे दिलं. ठेवायला उठायची सवड नव्हती, म्हणून तिनं ते मनगटावर चढवलं आणि रवी ओढत राहिली. त्या दिवशी घड्याळ थांबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

झालं! तेव्हापासून रोज सकाळी हा स्वतःच्या हातानं तिच्या मनगटावर घड्याळ बांधायचा. मंगळसूत्रसुद्धा त्यानं एवढ्या मायेनं बांधलं नसेल. लोणी आलं की घड्याळ काढायचा, धोतराच्या सोग्यानं पुसायचा, स्वतःला बांधायचा आणि थांब्यावर जाऊन एस.टी.च्या ड्रायव्हरला दरडावायचा, "पाच मिंट लेट आहे तुमी!" याला कुठं जायचं असायचं म्हणता? कुठंच नाही.

ही थट्टा थट्टेवारीच गेली असती. पण पुढच्या उन्हाळ्यात धनजहून निरोप आला. प्रयागबाईची माय अंथरुणाला खिळली होती आणि लेकीचं नाव घेत होती.

"जाऊन येतो मी," प्रयागबाई म्हणाली.

"कायले जातं? ताक कोन घुसळन?" बबनरावानं विचारलं.

ताकाचं नाव, दुसरं काय! गावात उकंडरावच्या पोरीचं लग्न होतं आणि यानं फुशारकी मारून ठेवली होती की मुहूर्त आपल्या घड्याळावर लागेल. भटजींकडे पंचांग होतं, सूर्य बघायला गावाकडे डोळे होते, पण नाही. पाटलाच्या मनगटाशिवाय पोरीला नवरा मिळणार नव्हता.

प्रयागबाई काय ते समजली. तिनं साधा उपाय सांगितला. "देवमनच्या हातात बांधा ना. दिवसभर कडबा तोडते तो. माह्या ताकापेक्षा जास्त चालन."

भिंतीपलीकडून मला बबनरावाचा आवाज ऐकू आला. "देवमनच्या हातातलं काढून मंग मी बांधू?"

देवमन त्याचा सालदार, आणि बौद्ध. छप्पन साली त्याच्या घरानं गावकीची कामं सोडली, ते बबनरावाच्या पोटात अजून दुखत होतं. देवमनच्या हातानं पेरलेली, कापलेली, घरात आणून टाकलेली ज्वारी याला दोन्ही वेळा गोड लागत होती. घड्याळ मात्र बाटत होतं. मला असला संताप आला म्हणून सांगू!

"लग्न लागू दे, मंग जाय," बबनरावानं निकाल दिला.

प्रयागबाई थांबली. रोज ताक घुसळायची आणि मधेच पदरानं डोळे पुसायची. आम्ही तांबे घेऊन उभे असायचो. घड्याळ मात्र मजेत चाललं होतं.

लग्न लागलं. बबनराव मांडवात डावा हात वर धरून असा उभा होता, जणू नवरदेव तोच. त्याच संध्याकाळी धनजचा माणूस आला. म्हातारी सकाळीच गेली होती. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं तो म्हणाला. प्रयागबाईनं पिशवीत एक लुगडं टाकलं आणि त्या माणसासोबत निघाली.

तेरवी करून ती परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रवीचा आवाज आला म्हणून आम्ही तांबे घेऊन गेलो. गोठ्याकडून देवमनही आला. बबनराव घड्याळ घेऊन पुढं झाला.

"घे, बांध. तू गेली तवापासून बंद आहे हे."

प्रयागबाईनं रवी थांबवली. "माय कशी गेली, इचारलं नाही तुमी."

"इचारतो ना. आधी हे चालू तं होऊ दे."

आमच्यातली एक बाई "अगं माय!" म्हणाली. प्रयागबाई उठली. तिनं घड्याळ घेतलं, नवऱ्याचा डावा हात धरला, आणि त्याच्याच मनगटावर बांधलं. मग त्याला पाटावर बसवून दोरीची दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली.

"घुसळा."

"अवं, लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या. तुमच्या घड्याळावर लग्न लावलं त्यायनं, ताकबी घेतीन."

बबनरावानं आमच्याकडे पाहिलं. एकानंही मान फिरवली नाही. मीही नाही. कायले फिरवू? त्यानं दोरी ओढली. एकदा, दोनदा. ताक उडून मिशीवर आलं, काचेवर आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. घाम गळायला लागला, तसा तो हळूच थांबून बायकोकडे बघू लागला. ती उंबऱ्यात पदर खोचून बसली होती.

देवमन दोन पावलं पुढं आला.

"मालक, किती वाजले?"

बबनरावानं मनगट वळवून पाहायला दोरी सोडली. प्रयागबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "वाजू दे, देवमनभाऊ. लोनी आलं नाही अजून."