विहिरीतले अब्बा

उमरग्याहून सोलापूरला जाणाऱ्या एसटीत एक तरुण मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर निळ्या पाण्यात पोहणारा एक माणूस. तो हात मारी तसा तिचाही खांदा नकळत हले.

"सिनेमा आहे का गं?" मी विचारलं.

"न्हाय मावशी, काम आहे माझं. हालणाऱ्या अंगाभोवती पाणी कसं वळतं, त्याचं गणित. लई मोठं असतं, एका कॉम्प्युटरला झेपत न्हाय. मग पाण्याचे तुकडे करून शेकडो कॉम्प्युटरांना वाटायचे. सगळे एकदमच सोडवतात."

"आणि हा पोहणारा?"

"अब्बा माझे. मागच्या साली गेले. विहिरीत पोहतानाचा त्यांचा व्हिडिओ होता, त्यावरून केलं. लाटा अगदी तशाच उठतात. पण दम घ्यायला वर आले की अब्बा माझ्याकडं बघून हसायचे. ते कसं मांडू?"

मला माझ्या वडिलांचा तर आवाजही आता नीट आठवत नाही.

जळकोट आलं. कंडक्टरनं तिला उतरायला हाक मारली, तरी तिनं लॅपटॉप मिटला नाही. पोहणारा काठाला लागेपर्यंत बस तशीच उभी राहिली.